भिंती वाचल्या, बैठक मोडली

प्रति,
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका

विषय: शहरातील बंद पडलेले जुने बार, आणि जे अजून उघडे आहेत त्यांची नोंद करण्याबाबत.

महोदय,

अर्जात विषय एका ओळीत बसवावा लागतो, म्हणून तो वर तसा बसवला. प्रत्यक्षात तो थोडा अडचणीचा आहे. मराठी माणूस बारमध्ये बसतो, पण बारबद्दल चारचौघांत बोलायची वेळ आली की आधी घसा खाकरतो. नाट्यगृह बंद पडले तर अग्रलेख येतो. ग्रंथालयाला कुलूप लागले तर सह्यांची मोहीम निघते. बार बंद पडला की ‘बरं झालं, एक कटकट गेली’ म्हणणारे लगेच भेटतात आणि ज्यांना वाईट वाटते ते विषय बदलतात. हे पत्र त्या विषय बदलणाऱ्यांच्या वतीने आहे.

आपल्याकडे पत्र लिहायचे कारण असे की, वारसा वास्तूंच्या बाबतीत अंतिम निर्णय आपल्या सहीने होतो आणि वारसा संवर्धन समिती आपल्याला सल्ला देते. १९९५च्या नियमावलीपासून या शहरात इमारतींना श्रेणी मिळू लागली: एक, दोन-अ, दोन-ब, तीन. त्यामुळे कितीतरी कमानी, सज्जे आणि घुमट वाचले, आणि त्याबद्दल मुंबईकर म्हणून मी कृतज्ञ आहे. २०१८ साली दक्षिण मुंबईतल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला, तेव्हा मलाही अभिमान वाटला. पण आपल्या यादीत एक रकाना नाही. त्या इमारतीच्या तळमजल्यावर कोण बसत होते, किती वेळ बसू शकत होते आणि त्यासाठी खिशात किती पैसे लागत होते, हे त्या यादीत कुठेच येत नाही. म्हणून भिंती वाचल्या आणि बैठक मोडली.

काळा घोड्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे हा प्रकार सर्वांत स्वच्छ दिसतो. जहांगीर आर्ट गॅलरीसमोरच्या कोपऱ्यावर ‘वेसाइड इन’ होते. ते काही पक्के मद्यालय नव्हते. साहेबी वळणाचे जेवण देणारे, जुन्या लाकडी खुर्च्यांचे, निवांत रेस्टॉरंट होते. बाबासाहेब आंबेडकर तिथे बसत असत, असे त्या परिसरात अभिमानाने सांगितले जाई. कवी अरुण कोलटकर तिथे वर्षानुवर्षे बसले. गुरुवारी दुपारी त्यांची मित्रमंडळी जमे, आणि खिडकीतून समोरचा वाहतुकीचा त्रिकोण, तिथली माणसे, कुत्री, कावळे ते पाहत राहत. त्या पाहण्यातून २००४ साली ‘काळा घोडा पोएम्स’ हे पुस्तक आले. पण ते छापून येईपर्यंत वेसाइड इन बंद झाले होते. मंडळी फोर्टातल्या मिलिटरी कॅफेत जमू लागली. त्याच वर्षी सप्टेंबरात कोलटकर गेले.

आता यातली गंमत पाहा. सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा १९६५ साली तिथून हलवला आणि तो राणीच्या बागेत गेला. नुसते नाव उरले. २०१७ साली त्या चौकात नवा, स्वाराविना घोडा उभा राहिला. म्हणजे बावन्न वर्षांनी घोडा परत आणण्याइतकी इच्छाशक्ती या शहराकडे आहे. ज्या टेबलावरून एका कवीने त्या चौकाला जगाच्या कवितेत नेले, त्या टेबलासाठी मात्र कोणत्याही कार्यालयात एक कागदही हलला नाही.

तिथून रस्ता ओलांडला की जहांगीरच्या आतच ‘समोवार’ होते. उषा खन्ना यांनी १९६४ साली ते सुरू केले. अरुंद, लांबलचक जागा, एका बाजूला वस्तुसंग्रहालयाची हिरवळ. खिमा पराठा, भजी, पुदिन्याचा चहा आणि थंड बिअर. हुसेन तिथे येत, आणि ज्यांचे एकही चित्र विकले गेलेले नाही असे चित्रकारही येत. दोघांना खुर्ची सारखीच मिळे. एकट्या बाईने पुस्तक उघडून दोन तास बसावे आणि कोणी वळूनही पाहू नये, अशा जागा मुंबईत तेव्हाही बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. समोवार त्यांतली एक होती. जागेच्या प्रदीर्घ वादानंतर ३१ मार्च २०१५ रोजी ते बंद झाले. गॅलरी शाबूत आहे. तिला धक्का लागला असता तर आपल्या समितीने पत्र लिहिले असते.

मरीन ड्राइव्हवर सूना महल आहे. १९३७ची ही आर्ट डेको इमारत, कोपऱ्यावरचा तिचा मनोरा सगळ्यांच्या ओळखीचा. तिच्या तळमजल्यावर साठच्या दशकात ‘टॉक ऑफ द टाउन’ होते. पुढे तिथेच ‘जॅझ बाय द बे’ आले, त्याचे ‘नॉट जस्ट जॅझ बाय द बे’ झाले आणि शेवटी ‘पिझ्झा बाय द बे’. पाटी बदलत गेली तसे वाद्यवृंदाचे व्यासपीठ मागे सरकत गेले आणि एक दिवस नाहीसे झाले. इमारतीच्या बाजूच्या रस्त्यावर, म्हणजे चर्चगेटला, पन्नास-साठच्या दशकांत जॅझचे अख्खे मोहल्ले होते: गेलॉर्ड, बॉम्बेली, अ‍ॅम्बेसेडर, अ‍ॅस्टोरियातले व्हेनिस. ख्रिस पेरी, लॉर्ना, चिक चॉकलेट ही गोव्याची माणसे तिथे रात्री वाजवत, गात. त्यांच्यासारखेच गोवेकर वादक दिवसा ताडदेव-दादरच्या स्टुडिओत हिंदी सिनेमाची गाणी सजवत. आपण आज जुनी गाणी म्हणून ज्यांच्यावर जीव टाकतो, त्यांतल्या कितीतरी ट्रम्पेट-सॅक्सोफोनचा रियाज त्या रस्त्यावर झाला. गेलॉर्ड १९५६ पासून अजून चालू आहे. बाकीच्या नावांसाठी आता पुस्तके चाळावी लागतात.

आणि चर्चगेटचे हे सारे जॅझ दारूबंदीच्या काळात चालले होते, हे विसरून चालणार नाही. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा अजूनही पुस्तकात आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली बलसारा खटल्यात त्यातली काही कलमे रद्द केली, पण मूळ चौकट राहिली. आजही या राज्यात विदेशी मद्य प्यायला परवाना लागतो. ‘प्रकृती राखण्यासाठी’ दिला जाणारा हा परवाना एका दिवसासाठी पाच रुपयांना मिळतो. ज्या खोलीत परवानाधारकाने बसून प्यावे ती परमिट रूम. बंदी कडक होती तेव्हा धोबीतलाव, माहीम, वांद्र्याच्या गल्ल्यांत घराच्या पडवीत आंटीचा गुत्ता चाले. बाकावर बसून नवटाक मारायची, तोंडात चण्याचे दोन दाणे टाकायचे आणि पोलीस येण्याआधी निघायचे. बंदी सैल झाली तसे ते गुत्ते मागे पडले आणि उडुपीकडच्या अण्णांच्या परमिट रूम आल्या.

परमिट रूमवर कोणी कौतुकाने लिहीत नाही. तिला समुद्र दिसत नाही, तिथे चित्रकार येत नाहीत. लाल बल्ब, काळी काच, भिंतीवर तिरुपतीचा फोटो, त्याला ताजा हार. वरच्या मजल्यावर एसी किंवा ‘फॅमिली’, खाली साधा विभाग. क्वार्टर, सोडा, उकडलेली अंडी, मसाला पापड, मीठ-लिंबू लावलेली काकडी. वेटरला तुमचा ब्रँड ठाऊक असतो आणि तुमची मर्यादाही. ‘साहेब, बस्स आता’ हे वाक्य घरच्यांनी म्हटले तर भांडण होते, त्याने म्हटले तर माणूस उठतो. पण या खोलीचे खरे काम दुसरेच होते. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहतात तिथे दोन मित्रांनी बोलायचे कुठे? जिमखान्याचे सदस्यत्व बापजाद्यांकडून यावे लागते. बागेला आठ वाजता कुलूप. इराण्याकडे चहा संपला की गल्ल्यावरून नजर येते. परमिट रूममध्ये एक बिअर दोघांत घेऊन दोन तास बसता येई. तिथे नोकरी गेलेली सांगितली जाई, बहिणीच्या लग्नाचे पैसे उसने मागितले जात, युनियनची भांडणे मिटत आणि नवी सुरू होत.

गिरणगावात तर हे फारच खरे होते. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप कधी मागे घेतला असे कोणी जाहीर केलेच नाही. त्या वर्षांत लालबाग-परळच्या बारमध्ये काय काय बुडाले हे त्या घरांतल्या बायकांना विचारा. मी त्या खोल्यांना सोनेरी मुलामा द्यायला बसलेलो नाही. पण परळच्या माणसाच्या तोंडी त्या वर्षांचा जो इतिहास आहे, तो बराचसा त्याच टेबलांवर सांगितला गेला. ती टेबले गेल्यावर तो सांगायची जागा उरली नाही.

मग त्याच गिरण्यांच्या जागेत नवे बार आले. लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात २००७च्या अखेरीस ‘ब्लू फ्रॉग’ उघडले. ते आमच्या खिशाला जड होते, हे खरे. पण त्यांनी एक गोष्ट केली. स्वतःची गाणी लिहिणाऱ्या, सिनेमात न जाणाऱ्या मुलामुलींना उत्तम ध्वनियंत्रणा आणि ऐकायला बसलेले श्रोते दिले. २०१६च्या ऑगस्टमध्ये तेही बंद झाले. म्हणजे समोवारला पन्नास वर्षे मिळाली, ब्लू फ्रॉगला दहाही नाहीत. आता त्या पट्ट्यात बारला नाव पडेपर्यंत त्याची पाटी उतरते.

हे का होते, याचे उत्तर आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. जुने बार आणि कॅफे टिकले ते मुख्यतः गोठलेल्या भाड्यावर. १९४७चा भाडे नियंत्रण कायदा आणि पागडी यांनी त्यांना स्वस्तात बसू दिले, म्हणून त्यांनी आम्हाला स्वस्तात बसू दिले. इमारत पुनर्विकासाला गेली की ही साखळी तुटते. त्यात नियमांचे फटके येतात ते सगळ्यांना सारखेच. डिसेंबर २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली, ती १ एप्रिल २०१७ पासून लागू झाली, आणि शहरांच्या हद्दीत ती लागू नाही असे स्पष्ट व्हायला काही महिने गेले. तेवढे महिने गल्ला बंद ठेवून भाडे भरणे साखळीवाल्याला जमते, एका खोलीच्या अण्णाला जमत नाही. पुढे २०२०ची टाळेबंदी आली. बार मार्चमध्ये बंद झाले ते निम्म्या क्षमतेने ऑक्टोबरात उघडले आणि पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाले. २०२३च्या नोव्हेंबरात परमिट रूममधला मूल्यवर्धित कर पाचावरून दहा टक्क्यांवर गेला, २०२५ साली परवाना शुल्क वाढले, उत्पादन शुल्क वाढले, आणि १४ जुलैला ‘आहार’ या हॉटेलचालकांच्या संघटनेने राज्यभर बार बंद ठेवले. त्या दिवशी बातम्यांत आकडे आले. जे बार पुन्हा कधीच उघडणार नव्हते त्यांची नावे आली नाहीत.

माझ्या पत्रावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही खरे आहेत.

पहिला आक्षेप बायकांचा. या राज्यात गावोगावी बायकांनी ‘आडवी बाटली’वर शिक्के मारून दुकाने बंद पाडली आहेत. त्यांच्या बाजूने उभे राहायला मला क्षणाचाही विचार करावा लागत नाही. २०१५च्या जूनमध्ये मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मारली, तीही याच शहरात. पण एक गोष्ट लक्षात घ्या. मालवणीची माणसे परमिट रूममध्ये मेली नाहीत. ती जिथे मेली तिथे ना परवाना होता, ना निरीक्षक, ना ‘बस्स आता’ म्हणणारा वेटर. उजेडातली स्वस्त जागा कमी झाली की दारू कमी होत नाही. ती गल्लीच्या टोकाला अंधारात जाते, किंवा घरी येते. घरी आलेली बाटली कोणाच्या जिवावर बसते, हे सांगायला नको.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. २९ डिसेंबर २०१७ला कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या रेस्टॉरंटना आग लागली आणि चौदा जण गेले. त्यानंतर जुनेपणाच्या नावाखाली कोणालाही अग्निसुरक्षेत सूट मागण्याचा अधिकार नाही. मी ती मागत नाही. उलट जुन्या जागांना विजेच्या तारा बदलायला आणि दुसरा दरवाजा काढायला पालिकेने तांत्रिक मदत करावी, असे म्हणतो.

दुसऱ्या शहरांनी काय केले ते पाहू. लंडनमध्ये २००१ साली ४,८३५ पब होते, २०१६ साली ३,६१५ उरले. तिथल्या महापौरांच्या कार्यालयाने हे मोजले. मोजणे हेच पहिले काम असते. २०११च्या कायद्याने तिथले रहिवासी एखाद्या पबची ‘समाजाला मोलाची जागा’ म्हणून नोंद करू शकतात. मालकाने विकायला काढला तर बोली लावण्याइतके पैसे उभे करायला त्यांना सहा महिने मिळतात. दक्षिण लंडनच्या ननहेडमधले ‘आयव्ही हाउस’ अशा नोंदीमुळे वाचले आणि २०१३ साली रहिवाशांच्या भागभांडवलावर पुन्हा उघडले. २०१७ पासून इंग्लंडमध्ये पब पाडायला किंवा त्याचे दुकान करायला नियोजन परवानगी लागते. वेस्टमिन्स्टरमध्ये ‘कार्ल्टन टॅव्हर्न’ हा पब विकासकाने एप्रिल २०१५मध्ये परवानगीशिवाय पाडला. तिथल्या पालिकेने तो जसा होता तसा, विटेला वीट लावून पुन्हा बांधायचा आदेश दिला. २०२१ साली तो पब म्हणूनच उघडला. तिकडे ब्युनोस आयर्सने १९९८ सालीच जुन्या कॅफे-बारच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. तिथे यादीत येते ती चालती जागा, नुसती इमारत नव्हे.

परदेशाचे दाखले नको असतील तर घरचा देतो. कॉफी बोर्डाने कॉफी हाउस बंद करायला घेतली तेव्हा १९५७-५८च्या सुमारास ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने वेटर-स्वयंपाक्यांनी सहकारी संस्था काढल्या आणि इंडियन कॉफी हाउस चालू ठेवले. ते आजही चालते. साखर, दूध, सूत, पतपेढी, सगळे सहकारात आणणाऱ्या महाराष्ट्रात एकही जुना बार त्याच्या वेटरांच्या हाती द्यावा असे कोणाला सुचले नाही. तीस वर्षे एकाच टेबलांमध्ये फिरलेला माणूस बार बंद झाल्यावर वॉचमनच्या नोकरीला लागतो आणि त्याच्याबरोबर अख्खी वही जाते.

म्हणून मागण्या, थोडक्यात.

एक, सर्वेक्षण करा. ए, सी, जी-दक्षिण आणि एच-पश्चिम या विभागांपासून सुरुवात करा. चाळीस वर्षांहून जुना बार, परमिट रूम किंवा बिअर देणारा कॅफे कुठे आहे, किती खुर्च्या आहेत, भाडेकरार कधी संपतो, चालवणारी पुढची पिढी आहे का, याची नोंद घ्या. मालकाशी बोला, पण त्याआधी सर्वांत जुन्या वेटरशी बोला.

दोन, अशी जागा असलेली इमारत पुनर्विकासाला आली तर नव्या इमारतीत तिला तळमजल्यावर, रस्त्याकडेलाच जागा मिळावी, ही अट मंजुरीच्या कागदात घाला. मागच्या बाजूचा दुसरा मजला म्हणजे बंद करण्याचीच सभ्य रीत.

तीन, पालिकेच्या स्वतःच्या जागांपासून सुरुवात करा. मलबार हिलवर हँगिंग गार्डनशेजारचे कॅफे नाझ पालिकेच्या जागेवर होते. तिथल्या गच्चीवरून अख्खी चौपाटी दिसे. ते गेले. पुढच्या वेळी अशा जागेचा भाडेपट्टा संपत आला की निदान एक जाहीर सुनावणी घ्या.

चार, राज्य शासनाला लिहा. परमिट रूमचे शुल्क शहराच्या लोकसंख्येवर ठरते, त्यामुळे बारा टेबलांचा अण्णा आणि बाराशे फुटांचा लाउंज एकाच पावतीवर येतात. ते आसनसंख्येवर ठरावे.

पाच, मालकाने धंदा बंद करायचे ठरवले तर तिथल्या कामगारांच्या सहकारी संस्थेला पहिली बोली लावता यावी, यासाठी सहकार विभागाशी बोला.

बंद पडलेल्यांसाठी फलक लावा असे मी मुद्दाम मागत नाही. गेलेल्यांचे फलक लावण्यात आपण वाकबगार आहोत, आणि फलकाचे अनावरण झाले की फाइल मिटते. मला जे उघडे आहेत त्यांची काळजी आहे. कुलाब्यात १८७१ पासूनचे लिओपोल्ड आहे, २६ नोव्हेंबर २००८च्या गोळीबारानंतर चार दिवसांतच पुन्हा शटर वर केलेले. मारिओ मिरांडांच्या चित्रांनी भरलेले मोंडेगार आहे. ताजच्या मागच्या गल्लीत गोकुळ, फोर्टात मिलिटरी, वांद्र्याला पाली नाक्यावर जनता. यांतली पहिली दोन पर्यटकांच्या जोरावर टिकतील. बाकीच्यांचे काय, आणि ज्यांचे नाव फक्त त्या नाक्यावरच्या लोकांना ठाऊक आहे अशा परमिट रूमचे काय, ते आपल्या यादीवर अवलंबून आहे.

शेवटी एक व्यवहाराची विनंती. सर्वेक्षणाला जो अधिकारी पाठवाल त्याला संध्याकाळी साडेसातनंतर पाठवा. सकाळी अकराला तो गेला तर त्याला फरशी, पंखे, टेबले आणि गळका नळ दिसेल आणि तो अहवालात ‘वास्तुशास्त्रीय मूल्य नाही’ असे लिहून मोकळा होईल. साडेसातला गेला तर कदाचित त्यालाच बसायला जागा मिळणार नाही. तसे झाले तर त्याने तेवढेच एक वाक्य अहवालात लिहावे. आमचे काम होईल.

आपला नम्र,
दादरचा एक करदाता